बिनपदवीच्या धन्वंतरींना अनावृत पत्र

प्रति,
सन्माननीय काका,
आमच्या सोसायटीचे बिनपदवीचे धन्वंतरी

विषय : आपल्या फ्रिजवरील औषधांच्या डब्याबाबत

स. न. वि. वि.

कुणी नुसतं शिंकलं तरी आपण डबा घेऊन जिने चढता, याबद्दल आम्ही सर्व रहिवासी आपले ऋणी आहोत. फी नाही, रांग नाही, तपासणी तर नाहीच नाही.

या सेवेच्या मुळाशी आपली काटकसर आहे. पैसे मोजून आणलेली गोळी फेकायची कशी? अँटिबायोटिक पाच दिवसांचं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या शिलकीत. त्या शिलकीतूनच परवा शेजारच्या मुलाची सर्दी निकालात काढलीत. सर्दी बहुधा विषाणूंची. त्यांना अँटिबायोटिकचं सोयरसुतक नसतं. अर्धवट मारा सोसून वाचलेले जिवाणू मात्र पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देतीलच असं नाही. पट्टीवरची उभी लाल रेघ ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको’ असं बजावते. आपण ती शोभेची समजता.

मुदतीचा तर प्रश्नच मिटला. वाटता वाटता पट्टीची तारखेकडची बाजू आधी कापली गेली आणि उरलेल्या गोळ्या सात चिरंजीवांच्या पंक्तीला जाऊन बसल्या. पाणी घालून तयार केलेलं नातवाचं अँटिबायोटिक सिरप साधारण आठवडाभरात टाकायचं असतं; तेही आपण गणपतीपासून दिवाळीपर्यंत पुरवलंत.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंना आपण तापाची, सर्दीची आणि अंगदुखीची अशा तीन गोळ्या दिल्यात, दिवसातून तीनदा. नावं तीन, रंग तीन; पण मागच्या बारीक अक्षरांत तिन्हींत पॅरासिटामॉलच. 650, 500 आणि 325 मिलिग्रॅम. दिवसाचे झाले 4425. धडधाकट माणसानेही 4000 ओलांडू नयेत, नाहीतर यकृत हिशेब मागतं.

विनंती इतकीच : गोळी मूळ पट्टीतच, नाव-तारखेसकट राहू द्या. डबा फ्रिजवरून काढून कोरड्या, नातवाचा हात न पोचणाऱ्या कपाटात ठेवा. जुना माल कमोडमध्ये सोडू नका. 2016च्या घनकचरा नियमांनीच मुदत संपलेली औषधं घरगुती घातक कचऱ्यात धरली होती. ती वेगळ्या पिशवीत बांधून, तसं सांगून द्या.

आपला नम्र,
तिसऱ्या मजल्यावरचा (अद्याप हयात) रुग्ण

ता. क. : गेल्या महिन्यात आपल्याला ताप आला तेव्हा आपण डबा न उघडता थेट एमडी डॉक्टरांकडे गेलात, असं वॉचमन सांगत होता. त्यांचा पत्ता आम्हालाही कळवावा.