फिरती खुर्ची

आमच्या नांदेडच्या ऑफिसात नव्या खुर्च्या आल्या तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो टॉवेल टाकायचा कुठं, हा. पाठ जाळीची, वर डोक्याला वेगळा टेकू, खाली चाकं. जाळी म्हणे हवा खेळावी म्हणून. मे महिन्यात नांदेडात हवा खेळायला लागली की पोरं घरात पळतात. साहेबांनी टॉवेल टाकलाच. नाहीतर खुर्ची साहेबांची आहे हे कळणार कसं?

दुकानाच्या माणसानं दांडा ओढून दाखवला. रेललं की बैठक आणि पाठ दोन्ही आपल्याबरोबर झुकतात. "सर, बसल्या बसल्या स्नायू काम करत राहतात." हेडक्लार्क दचकले. बसूनही काम करावं लागेल असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हा दावा तपासूनही झालाय. 2001 साली नेदरलँड्समधल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. 10 जणांना एका स्थिर आणि दोन झुकत्या खुर्च्यांवर तीन-तीन तास कामाला बसवलं, पाठीची हालचाल नि स्नायूंचं काम यंत्रानं टिपलं. निघालं असं की, पाठ किती हलते नि स्नायू किती राबतात हे खुर्ची ठरवत नाही, हातातलं काम ठरवतं. झुकत्या खुर्च्यांवर एक मात्र झालं, माणसांची उंची किंचित जास्त वाढली. कण्यातल्या चकत्यांना रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. पोषण झिरपूनच मिळतं, नि दाब कमी झाला की त्या पाणी ओढून फुगतात. म्हणजे खुर्चीनं कणा वाढतो. आमच्या खात्यात हे वरिष्ठांना कळलं तर बदली थेट किनवटला.

लातूरच्या मोंढ्यात आमच्या दाजींची आडत आहे. गादी, मागं तक्क्या, संपलं. पण सोयाबीनच्या हंगामात ते गादीवर सापडतील तर शपथ. सौदा निघाला की उठ, काट्यापाशी जा, हमालावर ओरड, शेतकऱ्याला पट्टी दे. विचारलं, "दाजी, पाठ दुखत न्हाई का?" तर म्हणाले, "टेकायला सापडलं तर दुखंल की."

ऑफिसात असा माणूस एकच, दारातल्या स्टुलावरचे शिपाईमामा. स्टुलाला पाठ नाही, त्यामुळं मामांची पाठ आपला भार आपणच उचलते. जरा विसावते तोवर घंटी वाजते. नव्या खुर्च्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. भांडार विभागाचं म्हणणं, फिरत्या माणसाला फिरती खुर्ची कशाला?

परवा साहेबांची पाठ धरली. खुर्ची वर केली, खाली केली, टॉवेलाची घडी कमरेमागं सरकवली. मी म्हणालो, "साहेब, महिनाभर घंटी कपाटात ठेवू. पाणी, फाइल, सगळं उठून घ्यायचं. पाठ मोकळी होईल."

साहेबांनी माझ्याकडं रोखून पाहिलं आणि घंटी दाबली.

"मामा, ह्यांच्याकडून हे लेखी घ्या."