कपातीला पैलू

सुरतेत पैशाची टंचाई आहे म्हटलं, तर रिंग रोडवर कापडाचे गठ्ठे वाहणारा हमालही हसेल. हिरेवाले सावजी ढोलकिया यांनी 2016 च्या दिवाळीत कर्मचाऱ्यांना 1260 मोटारी आणि 400 फ्लॅट जाहीर केले होते. त्याच सुरतेत कॉलेजच्या स्टाफला मात्र दिवाळीआधी परिपत्रक मिळतं: पंखे गरजेपुरते लावा, कागद दोन्ही बाजूंनी वापरा.

गुजरातेत अनुदानित कॉलेजात नवा माणूस 'अध्यापक सहायक' म्हणून पाच वर्षं ठरावीक पगारावर राबतो. काटकसरीचं प्रशिक्षण असं आधीच उरकलेलं असतं.

तरी कपातीचे थोडे उपाय. लॅबमधलं ॲसिड संपलं, तर प्रयोग फळ्यावर करावा. उत्तर हमखास बरोबर येतं. शिपायाची जागा भरली नसेल, तर घंटा प्राचार्यांनी द्यावी, तेवढाच अधिकार उरलाय. वर्ग अपुरे पडले तर खजोदच्या डायमंड बोर्समध्ये, म्हणजे हिरेव्यापाराच्या ऑफिस-संकुलात, भरवावेत. 2023 च्या डिसेंबरात त्याचं थाटात उद्घाटन झालं. साडेचार हजारांच्या आसपास ऑफिसं, त्यातली बहुतेक पुढे कितीतरी महिने कुलपातच. सुरतेच्याच लिंबायत भागातली आपली खान्देशी पोरं तिथवर कशी पोचणार, हा मुद्दा पुढच्या बजेटात घेऊ.