क्रेडिटराव रिग्गईकर

कुवेतमध्ये फरवानियाला लागून असलेल्या रिग्गईत राहणारा मराठी बाप ओळखायचा असेल, तर त्याची कंपनी, पगार किंवा गावाकडचं आडनाव विचारत बसू नये. मुलीने अकरावीला कोणते विषय घेतलेत एवढंच विचारावं. ‘फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि मॅथ्स’ असं उत्तर आलं आणि शेवटच्या शब्दाला आवाज अर्धा सूर वर चढला, की समजावं, आपण क्रेडिटरावांच्या दिवाणखान्यात बसलो आहोत. मुलीला डॉक्टर व्हायचंय. हे तिने सातवीत सांगितलं, दहावीत पुन्हा सांगितलं, आणि घरात त्याला कुणाचाही विरोध नाही. मग गणित कशाला, असं पाहुण्याने विचारलं की क्रेडिटराव सोफ्याच्या कडेवर सरकतात. ‘असू द्या हो. पोरगी एवढं डेरिव्हेटिव्ह, इंटिग्रेशन करते, ते कुठे ना कुठे लागू होईलच की!’ हे ‘कुठे ना कुठे’ जगाच्या नकाशावर नेमकं कुठे येतं, याचा शोध हाच त्यांचा बारमाही उद्योग. मेडिकलच्या एखाद्या कॉलेजात गणिताची अट असावी, ती बारावीच्या कॅल्क्युलसवर भागावी आणि मुलीचा एक विषय, एक सेमिस्टर, जमल्यास एका विषयाची फी वाचावी, हे त्यांचं स्वप्न. मुलगी डॉक्टर होण्याचं स्वप्न त्याच्या नंतर येतं.

या शोधाची सगळी कागदपत्रं एका एक्सेल शीटमध्ये आहेत. शुक्रवारी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सारून ती उघडली जाते. डाव्या रकान्यात देश, मग प्रवेश परीक्षा, फी आधी दिनारांत आणि मग रुपयांत, वसतिगृह, थेट विमान आहे का, आणि सर्वात उजवीकडे पिवळ्या रंगात ‘मॅथ्स चालतं का?’ हा रकाना. चालत असेल तर हिरवा, नसेल तर लाल, आणि न्यू जर्सीच्या साडूला विचारायचं असेल तर केशरी. केशरी घरं सर्वात जास्त, कारण साडूला झोपेतून उठवायचं नाही म्हणून वाट पाहावी लागते आणि उठल्यावर तो ‘डिपेंड्स’ म्हणतो. क्रेडिटरावांचा मूळ स्वभावच काही वाया न जाऊ देण्याचा. सुट्टीला निघताना बॅग वजनकाट्यावर एकोणतीस किलो नऊशे ग्रॅम भरेपर्यंत तिच्यात खजुराची पाकिटं कोंबली जातात. लुलू हायपरमार्केटच्या पिशव्या घडी करून ओट्याखाली जातात. अशा माणसाच्या घरात बारावीचं अख्खं कॅल्क्युलस फुकट जावं, हे त्यांना कसं सहन होणार?

आता त्यांच्या शीटमधली भारताची ओळ बघू, कारण खरी शोकांतिका तिथेच आहे. भारतात एमबीबीएसचा रस्ता ‘नीट’मधून जातो. २०२१ साली या परीक्षेला पहिल्यांदाच परदेशात केंद्र मिळालं, तेही कुवेतला, आणि त्या १२ सप्टेंबरला इथल्या मुलांनी विमान न पकडता पेपर दिला. त्या दिवशी रिग्गईपासून सालमियापर्यंत अनेक घरांत पेढे वाटायचंच काय ते बाकी राहिलं होतं. पण त्या पेपरात फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजी एवढंच असतं. पात्रतेलाही हेच तीन विषय आणि इंग्रजी. गणितात शंभरपैकी शंभर पडले तरी नीटच्या दारावरचा माणूस तो कागद बघतही नाही. सीबीएसईच्या बारावीच्या गणितात लेखी ८० गुणांपैकी ३५ गुण एकट्या कॅल्क्युलसचे. म्हणजे मुलगी ज्या धड्यांसाठी रात्री जागते, नेमके तेच या ओळीत शून्य किमतीचे. वर नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने बारावीनंतर जादा विषय म्हणून बायॉलॉजी करणाऱ्यांनाही नीटचा दरवाजा उघडला. म्हणजे गणितवाल्याला मागाहून बायोकडे वळता येतं, पण डॉक्टर व्हायला निघालेलीने केलेल्या गणिताची कुणी पावती देत नाही. भारताच्या ओळीतलं शेवटचं घर लाल आहे. क्रेडिटरावांनी ते दोनदा केशरी करून पाहिलं आणि नाइलाजाने पुन्हा लाल केलं.

मग अमेरिकेची ओळ, आणि इथे त्यांच्या डोळ्यांत चमक येते. अमेरिकेत मेडिकलला बारावीनंतर थेट जाता येत नाही, आधी चार वर्षांची पदवी लागते. त्या पदवीत कुठलं गणित हवं, हे प्रत्येक मेडिकल स्कूल स्वतः ठरवतं. काहींना कॅल्क्युलस हवं, काहींना संख्याशास्त्र, काहींना दोन्ही, काहींना काहीच नाही. शाळेत असताना ‘एपी’ची (अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट) परीक्षा देऊन मे महिन्यात कॅल्क्युलसमध्ये पाचपैकी चार-पाच गुण मिळवले, तर पुष्कळ कॉलेजं त्याचं क्रेडिट देतात. ते क्रेडिट कॉलेजच्या गुणपत्रकावर नोंदलेलं असेल तर काही मेडिकल स्कूल्स गणिताची अट त्यावर भागवतात. काही मात्र म्हणतात, ठीक आहे, पण मग वरच्या पातळीचा एखादा गणिताचा विषय घ्या. थोडक्यात साडूचं ‘डिपेंड्स’ हे आळसाचं उत्तर नव्हतं, अचूक उत्तर होतं. क्रेडिटरावांनी मात्र एवढ्या सगळ्यातून एकच वाक्य उचललं: ‘चालतं!’ एपीची परीक्षा अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळांत रुजलेली, आपली मुलगी सीबीएसईत. अमेरिकेच्या मेडिकल स्कूल्समध्ये परदेशी विद्यार्थ्यांना जागा मोजक्या. त्या फीला दिनारही अपुरा पडतो. या तिन्ही गोष्टी शीटमध्ये ‘शेरा’ या रकान्यात अगदी बारीक अक्षरात आहेत. घर मात्र गडद हिरवं.

या माणसाला हसणं सोपं आहे, पण त्याच्या बाजूनेही बोलायला हवं. आखातातल्या बापाचं आयुष्य नोकरीला टांगलेलं असतं. नोकरी गेली की इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना गेला, इकामा गेला की घर आणि शाळा. मूल बाहेरगावी शिकायला गेलं आणि सहा महिने परत आलं नाही, तर त्याच्याही इकाम्यावर गदा. कुवेत विद्यापीठात १९७३ पासून वैद्यकीय विद्याशाखा आहे, पण इथे वाढलेल्या परदेशी मुलाला तिथे प्रवेश मिळणं दुर्मिळच. ज्या गावात मूल जन्मलं, तिथेच त्याला डॉक्टर होता येईल याची खात्री नाही, आणि ज्या देशाचा पासपोर्ट आहे, तिथल्या कॉलेजांची रीतभात त्याला पाहुण्यासारखी शिकावी लागते. अशा बापाने चार दरवाज्यांना एकेक पाय लावून ठेवला, तर तो त्याचा लोभ म्हणता येत नाही. पुण्यातल्या बापाची मुलगी नीटमध्ये अडखळली तर तिच्यासाठी तिथेच दहा अभ्यासक्रम असतात. रिग्गईतल्या बापाला त्या दहांसाठी आधी तिकीट काढावं लागतं. फिजिक्स-केमिस्ट्री-बायोबरोबर मॅथ्स ठेवण्याचा निर्णय या हिशोबात शहाणपणाचाच ठरतो.

चूक पुढे होते. क्रेडिटरावांच्या लेखी कॅल्क्युलस म्हणजे टोलनाक्यावरची पावती: एकदा फाडली, खिशात ठेवली, पुढच्या नाक्यावर दाखवली की सुटका. अट भागली म्हणजे गरजही भागली, असं ते धरून चालतात. पण अट कॉलेज घालतं आणि गरज रोग्याची असते. हा फरक किती महाग पडतो, याचा नमुना वैद्यकाच्या इतिहासात छापील स्वरूपात आहे. १९९४ साली ‘डायबिटीस केअर’ या मधुमेहाच्या नामांकित नियतकालिकात मेरी टाय या संशोधिकेचा लेख आला. साखरेच्या चाचणीच्या वक्ररेषेखालचं क्षेत्रफळ काढायची ‘नवी’ पद्धत त्यात होती: रेषेखालच्या जागेचे उभे तुकडे करा, प्रत्येकाचं क्षेत्रफळ काढा, बेरीज करा. पद्धतीला नाव दिलं ‘टायचं प्रारूप’. कॅल्क्युलस शिकलेल्या कुठल्याही मुलाला ही पद्धत समलंब चौकोनांची पद्धत म्हणून माहीत असते. शतकानुशतकं जुनी. संशोधिकेला माहीत नसणं एक वेळ समजू, पण लेख तपासणाऱ्यांनाही ती ओळखू आली नाही, आणि पुढे शेकडो लेखांनी त्याचा संदर्भ दिला. त्याच वर्षी वाचकांची पत्रं आली की बाईसाहेब, हे आधीच सापडलेलं आहे. किती आधी, हे २०१६ साली स्पष्ट झालं. मॅथ्यू ऑसेंड्राइव्हर यांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की बाबिलोनच्या ज्योतिर्विदांनी गुरू ग्रहाचा प्रवास मोजताना मातीच्या पाट्यांवर हेच समलंब चौकोन वापरले होते, ख्रिस्तापूर्वी. बाबिलोन कुवेतच्या उत्तर सीमेपलीकडच्या इराकमध्ये आहे. विसाव्या शतकातल्या वैद्यक नियतकालिकाला जे नवं वाटलं, ते क्रेडिटरावांच्या शेजाऱ्यांना दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. त्या नियतकालिकाच्या टेबलावर शाळेत कॅल्क्युलस ‘उरकलेली’ माणसं नक्कीच असतील. क्रेडिट होतं, आठवण नव्हती.

कॅल्क्युलसची खरी परीक्षा क्रेडिटरावांच्या फ्रिजवरच्या लोहचुंबकाखाली अडकवलेल्या कागदावर होऊ शकते. प्रौढांतल्या मधुमेहाच्या प्रमाणात कुवेत जगात वरच्या रांगेत आहे, आणि क्रेडिटरावही काठावरच आहेत. ग्लुकोजचं पाणी पिऊन केलेल्या चाचणीचा त्यांचा अहवाल असा: उपाशीपोटी ११०, तासाने २००, दोन तासांनी १६०. मुलीने पेन्सिल घ्यावी आणि हे तीन ठिपके जोडावेत. पहिल्या तासाखालचा समलंब चौकोन ११० आणि २०० यांची सरासरी, म्हणजे १५५. दुसऱ्याचा २०० आणि १६० यांची, म्हणजे १८०. एकूण ३३५. आता तिला कळेल की ज्यांचा उपाशीपोटीचा आकडा सारखाच, अशा दोघांच्या शरीरांनी दोन तासांत सोसलेली साखर वेगवेगळी असू शकते. हाच विचार औषधाच्या मात्रेतही असतो. कॅन्सरवरच्या कार्बोप्लॅटिनची मात्रा १९८९ पासून कॅल्व्हर्टच्या सूत्राने ठरवतात: रक्तातल्या औषधाच्या वक्ररेषेखालचं हवं ते क्षेत्रफळ, गुणिले मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगात २५ मिळवून येणारी संख्या. तेव्हा मुलीने या दोन तासांचा आलेख काढून तीर्थरूपांना समजावला, तर तिचं इंटिग्रेशन त्याच दिवशी लागू झालं. त्यासाठी न्यू जर्सीला फोन नको.

यावर पहिला आक्षेप डॉक्टरांचाच असेल: ‘अहो, तीस वर्षं प्रॅक्टिस केली, एकदाही इंटिग्रेशन केलं नाही.’ आक्षेप खरा आहे. अमेरिकेतल्या एमकॅट या प्रवेश परीक्षेलाही कॅल्क्युलस लागत नाही. २००९ साली तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेने हॉवर्ड ह्यूज वैद्यकीय संस्थेबरोबर काढलेल्या अहवालात ठरावीक विषयांच्या यादीपेक्षा विद्यार्थ्याला काय येतं याकडे बघा, असं सुचवलं, आणि २०१५ च्या नव्या एमकॅटमध्ये संशोधनाची रचना आणि आकडेवारी वाचण्यावर भर आला. म्हणजे वारा कॅल्क्युलसकडून संख्याशास्त्राकडे वाहतोय. त्याला कारणही आहे. १९७८ साली हार्वर्डशी संबंधित ६० डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारला: हजारात एकाला होणारा रोग, निरोग्यांपैकी पाच टक्क्यांना चुकून रोगी ठरवणारी चाचणी, चाचणी पॉझिटिव्ह आली तर रोग असण्याची शक्यता किती? सर्वाधिक लोकांचं उत्तर होतं ९५ टक्के. बरोबर उत्तर सुमारे दोन टक्के. ते ६० पैकी ११ जणांनाच आलं. यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी कॅल्क्युलसची अट पार केली असणार. रोग्याला ‘तुम्हाला ९५ टक्के कॅन्सर आहे’ असं सांगून रात्रभर जागं ठेवणाऱ्या डॉक्टरला डेरिव्हेटिव्ह येत असून उपयोग होत नाही. तेव्हा डॉक्टरांचा आक्षेप गणिताविरुद्ध जात नाही. कुठलं गणित, किती काळ आणि कशासाठी, हे विचारायला लावतो.

दुसरा आक्षेप मुलीच्या बाजूचा. बापाच्या हिशोबासाठी तिने गणिताचं जादा ओझं का वाहावं? या आक्षेपाला इतिहासाचा आधार मोठा आहे. बासेलच्या गणिती योहान बर्नुलीला घरच्यांनी आधी व्यापारात घालायचं ठरवलं, मग तो वैद्यक शिकला. त्याने १६९४ साली स्नायूंच्या हालचालींवर वैद्यकाचा प्रबंध लिहिला आणि त्यात नवंकोरं कॅल्क्युलस वापरून घेतलं. आपल्यावर जे झालं ते मुलावर होऊ नये, असं योहानला वाटायला हवं होतं. पण त्याने मुलाला, डॅनियलला, आधी व्यापारात आणि मग वैद्यकातच ढकललं. डॅनियलने १७२१ मध्ये श्वसनावर प्रबंध लिहून पदवी घेतली आणि आपलं गणित चालूच ठेवलं. १७६० साली त्याने पॅरिसच्या अकादमीला दाखवून दिलं की देवीचा रोग संपला तर माणसाचं सरासरी आयुष्य सुमारे तीन वर्षांनी वाढेल. हे त्याने विकलन समीकरणाने दाखवलं. बर्नुली घराणं हे क्रेडिटरावांचं आराध्य दैवत व्हायला हरकत नाही, फक्त त्यातला बोध वेगळा आहे. तिथे बाप पोटापाण्याच्या पेशांचा आग्रह धरत राहिले आणि गणित मुलांनी स्वतःच्या हौसेने जपलं. हौस होती म्हणून दोन्ही विषय एकमेकांत मिसळले. रिग्गईच्या मुलीला गणितात गोडी असेल तर तो विषय ओझं होणार नाही. नसेल तर कुठल्याही देशाचं क्रेडिट ते ओझं हलकं करणार नाही, आणि तसं असेल तर तिला मॅथ्स सोडू द्यावं. नीट तिला अडवणार नाही.

या साऱ्यातून क्रेडिटरावांना द्यायचा सल्ला छोटा आहे. कुठे कॅल्क्युलसचं क्रेडिट मिळत असेल तर ते खुशाल घ्यावं. मिळालेली सवलत नाकारण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. पण सुटलेल्या सेमिस्टरमध्ये फीचा हिशोब न करता तिथे संख्याशास्त्र भरावं. क्रेडिट ही मोकळी झालेली वेळ असते, ती विकून खायची नसते. आणि मुलगी भारतात एमबीबीएसला गेली, तर बारावीची वही फेकू नये. दुसऱ्या वर्षी औषधशास्त्र सुरू झालं की औषधाचं अर्धायुष्य समजून घेताना तीच वही उपयोगी पडेल. हा सल्ला ऐकून क्रेडिटराव गंभीरपणे मान डोलावतील, एक्सेलमध्ये ‘संख्याशास्त्र’ असा नवा रकाना काढतील, आणि लगेच विचारतील, ‘बरं, याचं क्रेडिट कुठे चालतं?’ प्रश्न नेहमीचाच आहे, पण निदान या वेळी तो योग्य विषयाबद्दल आहे. बापांच्या बाबतीत एवढ्या प्रगतीवर समाधान मानावं.