केसाने गळा

शेपटीचे केस द्या, पण मुळासकट. हार्बर लाइनने गोवंडीला उतरून देवनारच्या जनावरांच्या बाजारात शिरलेल्या साहेबांची मागणी एवढीच होती. गळ्यात ओळखपत्र, पायात पांढरे बूट (देवनारला पांढरे बूट घालून येणारा एक तर नवखा असतो, नाही तर कुणाचा तरी जावई) आणि बॅगेत पाकिटांचा गठ्ठा. प्रत्येक पाकिटावर एक चौकोन, चौकोनात चिकट पट्टी, पट्टीवर वीस-तीस केस चिकटवायचे. मधेच तुटलेला केस चालणार नाही. टोकाला ती बारीक पांढरट गाठ हवी. गाठीत पेशी, पेशीत डीएनए, आणि डीएनएमध्ये म्हशीची सगळी कुंडली. साहेब मांसाच्या जनावरांची जनुकीय चाचणी विकायला आले होते. सोबत क्यूआर कोडही होता.

घोडेगावच्या बाजारातून म्हशी भरून आणलेल्या व्यापाऱ्याने पाकीट उलटंपालटं करून पाहिलं, परत साहेबांच्या हातात ठेवलं आणि शेजारच्या म्हशीचा खालचा ओठ अंगठ्याने खाली ओढला.

"जुळली," तो म्हणाला.

झाली चाचणी. अदंत, दोनदाती, चौसा, सहादाती, जुळली, अशा पाचच इयत्ता असलेली ही प्रयोगशाळा पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. म्हशीला वरच्या जबड्यात पुढचे दात निसर्गानेच दिलेले नाहीत, त्यामुळे रिपोर्टही एकपानी. साहेबांचा रिपोर्ट मात्र बावीस पानी होता आणि म्हैस किती वर्षांची आहे हे त्यात कुठेच नव्हतं. केस वंश सांगतो, वय सांगत नाही. देवनारला तर भाव ठरतो तो वय, वजन आणि अंगावरचं मांस पाहून. तोही रुमालाखाली, बोटं दाबून.

साहेबांच्या पाकिटात खोट नव्हती, खोट होती ती पत्त्यात. अमेरिकेत या पाकिटाला खरोखर मान आहे. २००९ साली गायीचा संपूर्ण जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला, तो हेरफर्ड जातीच्या एका गायीचा, म्हणजे थेट मांसाच्या घराण्यातला. त्याच सुमारास एका चिपवर पन्नास हजारांहून जास्त जागा एकदम तपासता येऊ लागल्या. तिथला अँगस वळू लिलावात उभा राहतो तेव्हा त्याच्याआधी त्याचे आकडे बोलतात. वासरू जन्मताना किती वजनाचं होईल, कापल्यावर मांस किती भरेल, मांसात चरबीची जाळी किती दाट असेल. बेल्जियन ब्लू जातीचे बैल आखाड्यातल्या पैलवानासारखे का दिसतात, तर स्नायूंना आवर घालणारं त्यांचं मायोस्टॅटिन नावाचं जनुक बिघडलेलं असतं. हे १९९७ साली कळलं. २००८ साली अँगसमध्ये पाठ वाकडी झालेली, मेलेली वासरं जन्मू लागली. शोध घेतला तर धागा एका गाजलेल्या वळूच्या खानदानात निघाला. काही महिन्यांत चाचणी आली आणि कुठल्या वळूच्या अंगात तो दोष दडला आहे, हे गोठ्याच्या मालकाला केसावरून कळू लागलं. हे चांगलंच झालं. त्यात हसण्यासारखं काही नाही.

हसायचं ते पुढे आहे. मांस मऊ होणार की चामट, हेसुद्धा जनुकांवरून थोडंफार सांगता येतं. कॅल्पेन नावाचं विकर मांस मऊ करतं आणि कॅल्पास्टॅटिन त्याला अडवतं. साहेबांनी याचा रंगीत तक्ता काढून दाखवला. गोवंडीत या सगळ्या प्रकरणाला कच्ची पपई म्हणतात. दहा वर्षं दूध देऊन, पाच-सहा वेळा विऊन भाकड झालेल्या म्हशीच्या 'बडे'वर पपईचा वाटलेला गोळा चोळला आणि पातेलं रात्रभर मंद आचेवर ठेवलं की कॅल्पास्टॅटिनचं काही चालत नाही.

आता त्या पत्त्याबद्दल. महाराष्ट्रात १९७६ चा पशुसंरक्षण कायदा आहे आणि त्याला २०१५ ची दुरुस्ती. गाय आधीपासूनच वर्ज्य होती. दुरुस्तीने बैल आणि वळूही वर्ज्य झाले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. (हे विधेयक १९९५ साली मंजूर झालं आणि सही व्हायला २०१५ उजाडलं. एवढ्या काळात फायलीचेसुद्धा दात जुळून पडायला आले असतील.) उरली म्हैस. तीही अशीच कापता येत नाही, प्रमाणपत्र लागतं. आणि कायदा म्हणतो की जनावर दुधाला, कामाला किंवा पैदाशीला उपयोगी असेल किंवा पुढे होण्याची शक्यता असेल, तर प्रमाणपत्र देऊ नये. एव्हाना घोळ लक्षात आला असेल. अमेरिकेत केस पास झाला तर जनावराचा भाव वाढतो. देवनारमध्ये केस पास झाला तर जनावर बाद!

इथे नापास होणं हीच पात्रता आहे. म्हणजे साहेबांचा रिपोर्ट उत्तम आला, वंश अव्वल, दुधाची क्षमता भारी, लेकी गुणी निघणार असं त्यात छापून आलं, की व्यापाऱ्याने कपाळावर हात मारायचा आणि म्हैस टेम्पोत घालून घोडेगावला परत न्यायची. त्यापेक्षा त्याला हवा असेल तो रिपोर्ट असा: दूध शून्य, वंश टुकार, गाभण राहण्याची आशा नाही, स्वभाव कजाग, आईकडून काही घेतलं नाही आणि बापाचं नाव न काढलेलंच बरं. मग अशा रिपोर्टांची मागणी वाढणार. मागणी वाढली की गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सच्या दुकानात 'खात्रीशीर नापास करून मिळेल' अशी पाटी लागणार. खाली बारीक अक्षरात 'काठावर पास झाल्यास पैसे परत'. हुशार म्हशीच्या पाकिटात मठ्ठ म्हशीचे केस घालणारे दलाल निघणार. एकाच भाकड म्हशीच्या शेपटीवर शंभर रिपोर्ट काढले जाणार आणि ती बिचारी हिवाळ्यापर्यंत शेपटीने टकली होऊन माश्यांना शरण जाणार. मग डमी केस पकडायला भरारी पथक, पथकाला जीप, जीपला डिझेल, डिझेलला मंजुरी, आणि फेरतपासणीसाठी अर्ज, सोबत दहा केस जास्तीचे. मग एके दिवशी कुणी तरी विचारणार की एवढ्या टुकार वंशाच्या म्हशी राज्यात आल्या कुठून, आणि त्यावर एक अभ्यासगट. अभ्यासगट अमेरिकेला जाणार आणि अँगस वळू पाहून परत येणार.

केस या शब्दाचा महाराष्ट्रातला दुसरा अर्थ साहेबांना ठाऊक नसावा. इथे बाजारातल्या गुराचा डीएनए जिवंतपणी सहसा कुणी पाहत नाही. तो पाहिला जातो मेल्यावर, टेम्पो पोलीस ठाण्यासमोर उभा राहिल्यावर. तेव्हा केस उपटावा लागत नाही, केस आपोआप उभी राहते. मांसाचा तुकडा बाटलीत, बाटली सीलबंद, सील प्रयोगशाळेत. तिथे पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए पाहतात. तो फक्त आईकडून येतो, म्हणजे तुकडा आपलं माहेर सांगतो. गाय की म्हैस हे त्यातून नेमकं कळतं. तसंही दोघींचं गोत्र फार लांबचं, गायीची गुणसूत्रं साठ आणि म्हशीची पन्नास. विज्ञान चोख आहे. फक्त निकाल हाती येईतो बाकीच्या मांसाला वास सुटलेला असतो आणि टेम्पोवाल्याचे हप्ते थकलेले असतात. आयर्लंडमध्ये २०१३ साली हीच विद्या वापरून बर्गर तपासले, तर एका नमुन्यात एकोणतीस टक्के घोडा निघाला. तिथे गिऱ्हाईक चिडलं, कारण विकत घेतलं एक आणि पोटात गेलं भलतंच. इथे चाचणी गिऱ्हाइकाने मागितलेली नसते. त्याला फक्त प्लेटीत हाड जास्त आहे का, हे पाहायचं असतं.

जनावरांची ओळख पटवण्याची हौस मात्र आपल्याला दांडगी आहे. कानात पिवळा बिल्ला, त्यावर बारा आकडे. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री करायची नाही असा राज्यात नियम आहे. गोवंडीत अशी माणसं आहेत जी आपल्या बारा आकड्यांमधलं वडिलांचं नाव दुरुस्त करायला वर्षभर हेलपाटे घालतात. म्हशीला बापाचं नाव कुणी विचारत नाही, त्यामुळे तिचं कार्ड बिनचूक असतं.

आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच वाशिम जिल्ह्यात देशी गुरांसाठी 'गौचिप' आणि म्हशींसाठी 'महिषचिप' यांचं थाटात लोकार्पण झालं. चांगला वळू, चांगला रेडा लहानपणीच ओळखायचा, वर्षानुवर्षं लेकींच्या दुधाची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी लिंगवर्गीकृत रेतमात्रांचं देशी तंत्रही आलं. नव्वद टक्क्यांच्या आसपास माद्याच जन्मतील असं ते तंत्र. सगळा हिशेब दुधाचा. मांसासाठी म्हैस पाळायची, तिची निवड करायची, असा धंदा या देशात जवळजवळ नाहीच. म्हशीचं मांस जगाला विकणाऱ्या मोठ्या देशांत आपण आहोत, आणि ते बहुतेक सगळं मांस दुधाच्या धंद्यातून उरलेलं.

उरलेलं म्हणजे कोण, हे या सदराला एकदा स्पष्ट विचारायचं आहे. भाकड म्हैस, हे एक. दुसरा तो, ज्याचं नाव घेतलं की लोक शिवी समजतात. पैठणला त्याने वेद म्हटले म्हणून आळे गावात आपण त्याची समाधी बांधली, तिथे नारळ फोडतो, आणि मुंबईच्या तबेल्यात तो जन्मला की त्याला दूध पाजायचं नाही. नियम कुणी लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. लिटरभर दुधाला भाव आहे, रेडकाला नाही. मग ते दहा-पंधरा दिवसांत दाव्यालाच लोळतं. म्हैस पान्हा चोरते. तर मेलेल्या रेडकाचं कातडं सोलायचं, त्यात पेंढा भरायचा आणि ते तिच्या तोंडाशी ठेवायचं. ती ते केस चाटते. जिभेने वास, चव, ओळख सगळं तपासते, पाकीट लागत नाही, चिकट पट्टी लागत नाही. पोराचे केस तिला बरोबर ओळखू येतात आणि तिला पान्हा फुटतो. ही देशातली सर्वात जुनी केस-चाचणी आहे, निकाल शंभर टक्के बिनचूक, आणि त्या निकालावर आपला सकाळचा चहा होतो. मांसाची जनावरं सुधारायची आहेत ना? मग त्या रेडकाला आधी दोन महिने पोटभर पाजा. ते अंगाने भरेल. त्याला चिप लागत नाही, बादली लागते. बादलीपाशी कुणी लोकार्पण करत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी फिरकत नाही!

असो. देवनारमध्ये दुपार झाली होती. साहेबांनी शेवटचा प्रयत्न केला. पहिल्या शंभर म्हशींची चाचणी फुकट. व्यापाऱ्याने तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात ढकलली.

"रिपोर्ट किती दिसांत येतो, साहेब?"

"तीन आठवडे."

"आणि तवर हिला वैरण कोण घालणार? तुम्ही?"

साहेबांनी ॲपमध्ये पाहिलं. ॲपमध्ये वैरणीचा पर्याय नव्हता. तेवढ्यात म्हशीने शेपटी झाडली आणि शेणाने भरलेले, मुळासकट पंचवीस-तीस केस असलेला तो गोंडा पांढऱ्या बुटावर आपटला. व्यापाऱ्याने खांद्यावरचा रुमाल काढला, पलीकडच्या गिऱ्हाइकाच्या हातावर पसरला आणि खालून दोन बोटं दाबली.