ओव्हरहॉलकाका

नाशिकच्या गंगापूर रोडवर जरा जुनी सोसायटी बघावी, तिथे हे काका असतातच. पायात रबरी चपला, कपाळावर सरकवलेला चष्मा आणि दुसऱ्याच्या कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलेलं बोट. चहाला बोलावलं तरी ते सोफ्यापर्यंत सरळ पोचत नाहीत, कारण वाटेत गॅलरी लागते. चहा गार होतो, खारी मऊ पडते आणि गॅलरीतून आवाज येतो, "ही शेवटची खोलली कधी होती?"

झाडाची कुंडी बदलायची, हे साऱ्या जगाला कळतं. काका मात्र कुंडी 'खोलतात'. हा शब्द ओझरहून आला आहे. १९६४ साली मिग विमानांसाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना ओझरला उभा राहिला आणि नाशिक परिसरातल्या कितीतरी घरांतल्या मुलांची आयुष्यं तिथल्या हँगरमध्ये गेली. मिग झाली, पुढे सुखोई आली. विमान बिघडेपर्यंत वाट बघायची नसते. ठरावीक तास उडालं की ते उतरवायचं, खोलायचं, एकेक भाग तपासायचा आणि पुन्हा जोडायचं. माणूस निवृत्त होतो, हा संस्कार होत नाही. या जातीतले काही जण नोटप्रेसमधून येतात, काही सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून, पण अस्सल वाण ओझरचं.

त्यामुळे काकांच्या घरातल्या प्रत्येक कुंडीच्या बुडाशी पांढऱ्या ऑइलपेंटने तारीख घातलेली असते. तुळस अपवाद. तिथे काकूंचं राज्य आहे, आणि ब्रश घेऊन एकदा तिकडे गेलेले काका ब्रश न टेकवता परत आले.

फेब्रुवारीत महापालिकेचा पुष्पोत्सव असतो. बाकीचे लोक गुलाबांपुढे उभे राहून फोटो काढतात. मुघलांनी या गावाला गुलशनाबाद म्हटलं होतं, तेव्हा तेवढं गावाचं कर्तव्यच आहे. काकांची नजर फुलावर नसते. ते गुडघे धरत वाकतात आणि बक्षीसपात्र कुंडीचं तळाचं भोक बघतात. तिथून एखादं पांढरं मूळ डोकावत असेल तर त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते बक्षीस घेणाऱ्याच्याही चेहऱ्यावर नसतं. "पहिलं बक्षीस दिलंय," ते शेजाऱ्याला सांगतात, "आणि आतून जॅम आहे."

अशाच एका काकांच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या मॅडमनी हनीसकलचा वेल लावला होता. जपान-चीनकडचा हा वेल. फूल उमलतं पांढरं आणि पुढे पिवळं पडतं, वास असा की संध्याकाळी खिडकी लावून घ्यावीशी वाटू नये. अमेरिकेत शोभेसाठी नेला तर तिथल्या जंगलांत शिरून झाडांच्या गळ्याभोवती बसला. नाशिकची थंडी त्याला मानवते. मॅडमच्या गॅलरीत तो ग्रिलवर चढला, तिथून एसीच्या पाइपवर, पाइपवरून इंटरनेटच्या केबलवर आणि केबल धरून तिसऱ्या मजल्याच्या कपडे वाळत घालायच्या दोरीवर. वर्षभर जोम मोठा. मग पानं पिवळी पडू लागली, फुलं आटली, आणि घातलेलं पाणी थांबायला तयार होईना. वरून तांब्याभर ओतलं की खालून तेवढंच बाहेर, आणि थेट पहिल्या मजल्याच्या खिडकीवर.

पहिल्या मजल्याने तक्रार केली. तिसऱ्या मजल्याने केली नाही, कारण उरलीसुरली फुलं तिकडे येत होती.

काकांनी निदान बोट न घालताच केलं. आत माती उरलीच नाही, नुसती मुळं आहेत. कुंडीत वाढलेलं मूळ भिंतीला टेकलं की वळतं, गोल फिरतं, स्वतःभोवतीच वेटोळी घालतं आणि मधली माती हळूहळू संपते. पाण्याला धरून ठेवायला काही राहत नाही. इथवर काका शंभर टक्के बरोबर होते, आणि हीच त्यांची खरी अडचण आहे. ते नेहमी बरोबर असतात, पण बरोबर असण्यासाठी दीड तास घेतात.

मुहूर्त जूनचा निघाला. एप्रिल-मेच्या उन्हात मूळ उघडं पाडलं तर वेल मान टाकतो. पाऊस स्थिरावला की हवेत ओल असते, ऊन मवाळ असतं. तोवर काकांनी तयारी केली. बागेची लाल माती, चाळलेलं जुनं शेणखत, भिजवून पिळलेलं कोकोपीट, थोडी वाळू, मूठभर निंबोळी पेंड. काळी माती वापरायची नाही, यावर त्यांनी जिन्यात व्याख्यान दिलं. नाशिकची काळी माती शेतात सोनं, पण कुंडीत भिजली की फुगते, वाळली की आक्रसून कडा सोडते आणि पाणी त्या फटीतून पळतं. त्यांचं व्याख्यान ऐकायला थांबलेला कुरिअरवाला पार्सल न देताच निघून गेला.

मग नवी कुंडी किती मोठी, हा प्रश्न आला. जुनी दहा इंची. काका म्हणाले, बारा. मॅडमना निळं पिंपच अर्धं कापून हवं होतं.

"काका, वाढत्या अंगाचं घ्या ना. पुन्हा पुन्हा कोण हे करणार?"

"मी करणार," काका म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मॅडम गप्प बसल्या. एरवीही मुद्दा काकांचाच खरा होता. लहान मुळांभोवती ढीगभर माती असली की ती नुसती ओली राहते आणि मुळं कुजतात. दोन इंचांनी मोठी कुंडी पुरते.

शस्त्रक्रियेच्या दिवशी कळलं की खरी गोम कुंडीच्या आकारात आहे. ती चिनी मातीची होती, पोटाला फुगीर आणि गळ्याला अरुंद. अशा कुंडीत झाड घालताना सोपं, काढताना अशक्य, कारण मुळांचा गोळा पोटाच्या मापाचा होतो आणि गळ्यातून येत नाही. दुकानात या कुंड्या सगळ्यात आधी खपतात. काकांच्या मते त्यांवर बंदी घातली पाहिजे.

"फोडावी लागेल," ते म्हणाले.

"ती माझ्या आईने दिलीय," मॅडम म्हणाल्या.

तिसऱ्या मजल्यावरून कोणी तरी सुचवलं की वेल तसाच राहू द्या. त्यांचं दुःख वेगळं होतं. पहिल्या मजल्याने हातोडी वर पाठवली.

शेवटी आईची कुंडी वाचली. काकांनी घरून काकूंची ब्रेड कापायची दातेरी सुरी आणली (विचारून आणली असं त्यांचं म्हणणं, काकूंचं म्हणणं वेगळं), कुंडीच्या कडेने गोल फिरवली, पाण्याची नळी लावून माती विरघळवली आणि गळ्याच्या मापाचा गोळा उरेपर्यंत बाहेरची मुळं कापत गेले. हे ऐकायला क्रूर आहे, पण बाहेरच्या वेटोळ्यांचं नाहीतरी काही होणार नव्हतं. तशीच नव्या मातीत ठेवली असती तर नव्या कुंडीतही ती आपली जुनीच प्रदक्षिणा घालत बसली असती. कापलं की तिथून नवी मुळं बाहेरच्या मातीत शिरतात. काकांनी प्रत्येक कापलेलं मूळ वर्तमानपत्रावर ओळीने मांडून ठेवलं. काम झाल्यावर त्यांनी कात्री, खुरपं, सुरी, सुतळीचं रीळ मोजून घेतलं, कारण हत्यार आत राहिलेलं विमान उडू देत नाहीत.

मुळं कमी केली तर वरचा भारही कमी करायला हवा, नाहीतर उरलेली मुळं एवढ्या पानांना पाणी कुठून पुरवणार? आणि इथे ओझरचा हा पोलादी माणूस डळमळला. मूळ कापताना ज्याचा हात थरथरला नाही, त्याला शेंडा कापवेना. एकेक फांदी हातात घ्यायचे, "ही चांगली आहे" म्हणायचे, सोडून द्यायचे. तेव्हा त्यांचा दिंडोरीचा पुतण्या पुढे झाला. द्राक्षवाल्याचं काळीज याबाबतीत तयार झालेलं असतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी, वर्षातून दोनदा हिरवी बाग बोडकी करायची आणि तिच्याकडूनच पैसे मागायचे. "काका, याला फूल नव्या काडीवर येतं. जुनीला किती दिवस कुरवाळणार?" एवढं बोलून त्याने सरासर एक तृतीयांश वेल खाली उतरवला. इंटरनेटची केबलही उतरली, पण ती वेगळी गोष्ट. दोन दिवस सोसायटीतल्या लोकांनी एकमेकांशी बोलून काढले.

नव्या कुंडीतला वेल आठ दिवस सावलीत ठेवला गेला. त्या आठ दिवसांत काका सकाळ-संध्याकाळ यायचे. खत घालू द्यायचे नाहीत, कारण ताज्या कापलेल्या मुळांना ते सोसत नाही, आणि नत्र जास्त झालं की पुढेही नुसती पानंच फोफावतात. करण्यासारखं काही नसल्यामुळे ते शेंड्याकडे बघत बसायचे. या बाबतीत त्यांचा पूर्वज थोर आहे. चार्ल्स डार्विन आजारपणामुळे खोलीत अडकला होता तेव्हा त्याने हॉपचा वेल कुंडीसकट आत आणवला आणि रात्रंदिवस त्याचा शेंडा कसा फिरतो ते टिपत राहिला. उकाड्यात एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं, असा त्याचा हिशेब १८६५ सालच्या निबंधात आहे. काकांनी हे वाचलं आणि दुसऱ्याच दिवशी एचएमटीचं घड्याळ घेऊन आले. मॅडम शाळेत निघाल्या तेव्हा ते स्टुलावर होते, परत आल्या तेव्हाही होते. मधल्या वेळेत वेलाने काय केलं ते वहीत आहे.

महिनाभरात नवे फुटवे आले. सप्टेंबरात फुलं आली, आणि या खेपेला दुसऱ्या मजल्यावर. तिसऱ्या मजल्याने तेव्हापासून काकांना दिवाळीचा फराळ अंमळ उशिरा पाठवायला सुरुवात केली आहे.

मात्र छाटलेल्या फांद्या काकांनी टाकू दिल्या नव्हत्या. हनीसकलची काडी सहज रुजते. दह्याचे डबे, चहाचे कागदी पेले, नातवाचा जुना डबा, जे मिळेल त्यात दोन-दोन पेरांच्या काड्या लागल्या आणि प्रत्येक घरी एकेक रोप पोचलं. नको म्हणायची सोय नव्हती, रोप घेऊन साक्षात काका दारात. आता इमारतीतल्या प्रत्येक गॅलरीत हनीसकल आहे, प्रत्येक कुंडीच्या बुडाशी पांढऱ्या रंगात तारीख आहे आणि तपासणीचा हक्क काकांकडे आहे. ओझरवाल्यांनी त्यांना सोडलंच का, असा प्रश्न पहिल्या मजल्यावर अधूनमधून विचारला जातो.

एक जागा मात्र त्यांच्या हातून निसटली आहे. फाटकाशेजारी, फरशांच्या फटीतून वर आलेली मधुमालती. कोणी लावली ते ठाऊक नाही, तिला कधी कोणी पाणी घातल्याचंही कोणी बघितलेलं नाही. संध्याकाळी पांढरी उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लाल. रात्री पतंग येतात, सकाळी मधमाश्या. सगळ्या सोसायटीत सगळ्यात जास्त फुलं तिला. काका तिच्यापुढे थांबतात, वर बघतात, खाली बघतात. कुंडी नाही, भोक नाही, तारीख घालायला बूड नाही.

गेल्या महिन्यात त्यांनी सेक्रेटरींकडे रीतसर अर्ज दिला. फाटकाजवळच्या सहा फरशा तात्पुरत्या काढून वेलाच्या मुळांची पाहणी करण्याची परवानगी मिळावी, काम एका रविवारी पूर्ण होईल, हत्यारं मोजून परत घेतली जातील. अर्जासोबत फरशांचा नकाशा जोडला आहे. कमिटीने तो दोन बैठकांत पुढे ढकलला असून काकांनी स्मरणपत्र पाठवलं आहे.