१०३ पायऱ्यांचे मानकरी

पर्वतीवाले काका व्यायाम करतात, असं त्यांच्या घरी कुणी म्हणत नाही. ‘ते पर्वतीला गेलेत’ म्हणतात, बँकेत गेलेत म्हणावं तसं. पहाटे माकडटोपी चढवून काका निघतात ते स्कूटरवर, कारण पर्वती टेकडीचा पायथा घरापासून चांगला तीन चौक लांब! तिथे स्कूटर लावायची आणि मग १०३ पायऱ्या चढायच्या. हाच माणूस घरी पाण्याच्या पेल्यासाठी काकूंना हाक मारतो.

दर १ जानेवारीला पायथ्याशी नवी मंडळी उगवतात. झगझगीत बूट, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, चेहऱ्यावर निश्चय. काका त्यांना अगत्यानं वाट देतात. संक्रांतीपर्यंत स्कूटर लावायला पुन्हा जागा होते, हे त्यांना ठाऊक असतं.

अशाच एका नवोदितानं काकांना ऐकवलं की २१ दिवस नेटानं केलं की सवय लागते. या २१चं मूळ गमतीचं आहे. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जननं १९६०च्या पुस्तकात लिहिलं होतं, की शस्त्रक्रियेनंतरचा नवा चेहरा आपलासा वाटायला निदान २१ दिवस जातात. लोकांनी नाकाचा हिशेब पायांना लावला. पुढे लंडनच्या संशोधकांनी ९६ जणांच्या सवयी तपासल्या. २०१०मध्ये छापून आलेल्या त्या अभ्यासात मधला आकडा निघाला ६६ दिवसांचा, आणि टोकं १८पासून २५४पर्यंत. पंचवीस वर्षं पर्वती चढणारे काका हे सगळं ऐकून म्हणाले, “मला अजून लागायचीय.”

एखादा दिवस बुडाला तरी सवयीचं फारसं बिघडत नाही, असंही त्या अभ्यासात दिसलं. पर्वतीवरच्या कट्ट्याला ते मान्य नाही. कट्टा म्हणजे वर भिंतीलगत बसणारे सहा-सात पेन्शनर. “काल दिसला नाहीत?” इथून तपासणी सुरू होते. पाहुण्यांची सबब एकदाच चालते. पाऊस म्हटलं तर, “आम्ही काय मिठाचे नव्हतो, तुम्ही तेवढे मिठाचे!” गुडघा दुखतोय म्हणावं, तर प्रत्येकाचा एकेक डॉक्टर आणि दोन-दोन काढे गळ्यात. त्यापेक्षा पायऱ्या सोप्या. इच्छाशक्ती वगैरे पुस्तकात ठीक आहे. काकांना अंथरुणातून काढते ती ही धास्ती. शिवाय वर कालचं भांडण अर्धवट राहिलेलं असतं, ते वेगळंच.

गेल्या वर्षी काका तीन महिने मुलाकडे न्यू जर्सीला होते. तळघरात ट्रेडमिल, दाराशी बाग, हवा स्वच्छ. पहिला आठवडा रोज फेरी झाली. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस चुकला. कुणी काही विचारलं नाही. तिसऱ्यात काका उठलेच नाहीत.

परतले ते चार किलो वाढवून, आणि थेट कट्ट्यासमोर उभे राहिले. जेट लॅगचा मुद्दा सुनावणीलाच घेतला गेला नाही. दंड ठरला: किलोमागे एक वेळ सगळ्यांना मिसळ. चार रविवार वसुली चालली, तर्री दोनदा मागवून. पाचव्या रविवारी कट्टाच निम्म्या पायऱ्यांवर दम खात बसलेला. काका वर पोचले होते. तिथून त्यांनी खाली वाकून विचारलं, “काय मंडळी, आज उशीर?”