अठरा होलांची वरात: नवगोल्फरांसाठी प्रमाण कार्यपद्धती

१. व्याख्या आणि गणित

गजबजलेल्या कोर्सवर चौघांच्या चौकडीने १८ होलांची फेरी चार-साडेचार तासांत संपवावी, अशी अपेक्षा असते. हीच फेरी सहा तासांपर्यंत नेण्याच्या कलेस संथ गोल्फ म्हणतात. संथ गोल्फ आणि वाईट गोल्फ यांची गल्लत करू नये. वाईट खेळणारा माणूस झपझप चालून, पटापट फटके मारून चार तासांत मोकळा होऊ शकतो. अशा माणसाला या शास्त्रात स्थान नाही. वेळ फटक्यात जात नाही, फटक्याआधी जातो. पाळी येईपर्यंत कशाचाही विचार न करणे आणि पाळी आली की सगळ्याचा विचार सुरू करणे, हे या कलेचे मूलतत्त्व आहे.

यासाठी फार मोठी साधना लागत नाही. नवखेळाडू एका फेरीत ११० फटके मारतो असे धरल्यास चौकडीचे ४४० फटके होतात. प्रत्येक फटक्यामागे फक्त १५ सेकंद जास्त घेतले, तरी ११० मिनिटांची भर पडते. चार तासांची फेरी सहा तासांच्या उंबरठ्यावर येते. शिवाय कोर्सवर पुढच्यांनी वाट दिल्याशिवाय त्यांना ओलांडून जाण्याची सोय नसल्याने हा लाभ मागच्या प्रत्येक चौकडीला आपोआप पोहोचतो. मागे दहा चौकड्या असतील तर ४० जणांचे मिळून ७३ तासांहून अधिक खर्ची पडतात. म्हणजे ज्यांची नावेही ठाऊक नाहीत अशा लोकांचे तीन दिवस आणि तीन रात्री.

या कलेला पुण्याजवळच्या मुळशी तालुक्याइतकी अनुकूल भूमी विरळा. बावधन-लवळ्याच्या टेकड्यांवर ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचा १८ होलांचा कोर्स आहे आणि नवखेळाडूंचा अखंड पुरवठा करणारी आयटी कंपन्यांची हिंजवडीही याच तालुक्यात आहे. खोळंब्याचे प्राथमिक शिक्षण तर येथे रस्त्यावरच मिळते. पावसाळी रविवारी ताम्हिणी घाटात किंवा कामाच्या दिवशी संध्याकाळी पौड रस्त्यावर भूगावापाशी उभे राहिलेल्याला हे तत्त्व वेगळे समजावून सांगावे लागत नाही: पुढची एक गाडी थांबली की मागच्या सगळ्या थांबतात. पुढे दिलेली पद्धत मात्र कोणत्याही कोर्सवर तितक्याच यशाने वापरता येते.

२. पहिल्या टीवर

टीची वेळ सात असेल तर पार्किंगमध्ये सात वाजता पोहोचावे. बूट तेथेच बदलावेत. ग्लोव्ह, टी, चेंडू आणि चेंडूवर खूण करायचे पेन बॅगेच्या चार वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवावे. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवता येतात, ते सर्व न्यावेत. त्यांपैकी नऊ कधीच वापरले जात नाहीत, परंतु निवड करायला तेच उपयोगी पडतात.

कोर्सवर प्रत्येक होलाला निरनिराळ्या अंतरांचे टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा, असतात. नवखेळाडूने सर्वांत मागचा निवडावा. तो कसलेल्या खेळाडूंसाठी असतो, म्हणूनच त्यावर उभे राहून फोटो चांगला येतो. प्रत्येक होलावर यामुळे होणारा एखादा जादा फटका हा बोनस समजावा.

त्यानंतर आधी कोणी मारायचे, यावर चर्चा करावी. या बाबतीत परंपरेचा आधार भक्कम आहे. स्कॉटलंडमध्ये लीथ येथे १७४४ साली लिहिलेल्या पहिल्या १३ नियमांत, होलापासून ज्याचा चेंडू सर्वांत लांब त्याने आधी खेळावे, असे कलम आहे. खेळाच्या वेगाविषयी मात्र त्या तेरांत एक अक्षरही नाही. २०१९ च्या सुधारित नियमांनी एकूण फटके मोजण्याच्या स्ट्रोक प्ले प्रकारात ‘जो तयार त्याने आधी मारावे’ या प्रथेला उघड उत्तेजन दिले आणि अडथळा नसेल तेव्हा ४० सेकंदांत फटका मारावा, अशी शिफारसही केली. संथ गोल्फचा अभ्यासक अशा वेळी १७४४ शी एकनिष्ठ राहतो. तिघे तयार असले तरी चौथ्याचा ग्लोव्ह सापडेपर्यंत थांबण्यात सभ्यता दिसते, आणि वेळही जातो.

पहिला चेंडू झाडीत गेल्यास ‘मुलिगन’ म्हणून दुसरा मारावा. नियमांच्या पुस्तकात मुलिगन नावाची गोष्टच नाही, त्यामुळे तिच्यावर कोणती मर्यादाही नाही.

३. फेअरवेवरील संचार

चौघांचे चार चेंडू चार दिशांना पडलेले असताना चौघांनी आपापल्या चेंडूकडे जाणे ही घोडचूक होय. तसे केल्यास तिघे तयारीत उभे राहतात आणि होल दहा-बारा मिनिटांत उरकतो. चौघांनी वरातीसारखे एकत्र चालावे. आधी पहिल्याच्या चेंडूपाशी, तेथे त्याचा फटका पाहून हळहळ व्यक्त करावी, मग दुसऱ्याच्या. बग्गी असल्यास दोघांनी शेवटपर्यंत बसून राहावे. एकाला त्याच्या चेंडूपाशी सोडून दुसऱ्याने तीन क्लब हातात घेऊन आपल्या चेंडूकडे पायी जाणे हे मैत्रीत अंतर आणणारे आहे.

अंतर मोजण्याची रीत तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. नमुना असा:

“साहेब, सात नंबर घ्या,” कॅडी म्हणतो.

“किती आहे?”

“एकशे चाळीस.”

“यात एकशे त्रेचाळीस दाखवतंय.” मोबाइल पुढे केला जातो. मग दुर्बिणीसारखे यंत्र बाहेर येते. ते एकशे एकोणचाळीस सांगते. तिन्हींची सरासरी काढली जाते, गवत उपटून वाऱ्यावर सोडले जाते, सात नंबर परत जातो, सहा नंबर येतो. तीन वेळा हवेत सराव होतो. तीनही सराव देखणे होतात. चौथा, म्हणजे खरा फटका, चेंडूच्या माथ्याला लागतो आणि चेंडू वीस पावले सरपटत जातो. वीस पावलांनंतर मापन पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

ग्रीन दोनशे वीस यार्डांवर असून आपला सर्वोत्तम फटका एकशे तीस यार्डांचा असल्यास, पुढची चौकडी ग्रीनवरून उतरेपर्यंत अवश्य थांबावे. कारण विचारल्यास सांगावे, “मागच्या महिन्यात एकदा लागला होता.”

४. चेंडूचा शोध

हरवलेला चेंडू हा संथ गोल्फचा कणा आहे. २०१८ अखेरपर्यंत शोधासाठी पाच मिनिटे मिळत. १ जानेवारी २०१९ पासून ती तीन झाली. ही मुदत शोध सुरू केल्यापासून मोजली जाते. नवखेळाडूने शोधाची सुरुवात कधी झाली, याबाबत मन मोकळे ठेवावे.

चेंडूचा व्यास साधारण ४३ मिलिमीटर असतो. जून ते सप्टेंबर मुळशीचे गवत पाहता पाहता गुडघ्याला लागते. चिखलात रुतलेला चेंडू वरून दिसत नाही, त्यावर पाय पडला तरच कळतो. त्यामुळे मावळपट्ट्यातील पावसाळा हा या शास्त्राचा हंगाम मानला जातो. शोधात चौघांनी, दोन्ही कॅडींनी आणि बाजूच्या होलावरून चाललेल्यांनीही सामील व्हावे. चेंडू नेमका कोठे शिरला, हे तो हवेत असताना कोणीही पाहून ठेवू नये. त्या वेळी सर्वांनी खाली टीकडे बघत मान हलवावी. दुसऱ्याच कोणाचा चेंडू मिळाल्यास तो पुसून, कंपनीचे नाव वाचून खिशात टाकावा आणि शोध पुढे चालू ठेवावा.

येथे एक धोका सांगणे भाग आहे. चेंडू हरवण्याची शंका येताच ‘प्रोव्हिजनल’ असे स्पष्ट म्हणून लगेच दुसरा चेंडू मारून ठेवण्याची तरतूद नियमांत आहे. ती वापरल्यास पहिला न सापडताच दुसऱ्यावर खेळ पुढे जातो. ती टाळावी. म्हणजे शोध संपल्यावर एका फटक्याचा दंड घेऊन, जेथून मारले तेथवर चालत परत जाता येते, आणि तेथे आता मागची चौकडी उभी असते. काही कोर्स स्थानिक नियमाने दोन फटक्यांच्या दंडावर चेंडू पुढेच टाकण्याची मुभा देतात. अशा कोर्सवर स्थानिक नियमांचा फलक वाचू नये.

५. बंकर आणि ग्रीन

बंकरमध्ये सर्वांत उंच कडेवरून उतरावे. बाहेर येताना दाताळे जेथे असेल तेथेच राहू द्यावे. पावलांचे ठसे पुढच्याला मार्गदर्शक ठरतात.

ग्रीनजवळ येताना बॅग किंवा बग्गी ग्रीनच्या अलीकडे सोडावी. पुढचा टी पलीकडे असतो, त्यामुळे होल संपल्यावर चौघांना मागे येऊन पुन्हा ग्रीनला वळसा घालावा लागतो.

होलाचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. तेवढ्या भोकाकडे जाणारा मार्ग चारही बाजूंनी तपासावा. या तालुक्यात जमिनीच्या मोजणीला असलेले महत्त्व ध्यानात घेता, मोजणीला आलेल्या भूकरमापकापेक्षा कमी गांभीर्य शोभणार नाही. एकाचे वाचन सुरू असताना इतरांनी आपापला उतार पाहून घेऊ नये. २०१९ पासून झेंडा होलातच ठेवून पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, मारता येतो; म्हणून एकाने झेंडा काढायला सांगावा, दुसऱ्याने पुन्हा लावायला. चेंडू पडून ग्रीनला पडलेला खळगा दुरुस्त करू नये. त्यासाठीचे काट्यासारखे अवजार बॅगेत आहे आणि बॅग, वर सांगितल्याप्रमाणे, दूर आहे.

शेवटचा पट गेल्यावर ग्रीनवरच, होलाभोवती कोंडाळे करून हिशेब मांडावा:

“किती झाले तुझे?”

“सहा. थांब... टीवरून एक, झाडातून दोन...”

“झाडातून तीन. एक हुकला होता ना.”

“अरे, तो प्रॅक्टिसचा होता!”

चेंडू मारण्याच्या इराद्याने फिरवलेला क्लब चेंडूला लागला नाही तरी तो फटका धरला जातो. इरादा काय होता, हा प्रश्न मात्र ग्रीनवर कितीही वेळ चर्चिता येतो. स्टेबलफोर्ड प्रकारात गुण मिळण्याची शक्यता संपल्यावर चेंडू उचलून पुढे जाता येते. संथ गोल्फर चेंडू उचलत नाही. तो अकरावा फटकाही पहिल्याइतक्याच श्रद्धेने मारतो.

६. मागच्यांशी व्यवहार

पंगतीत शेवटचा भात घेऊन गप्पा मारत बसलेल्याच्या पाठीशी पुढच्या पंगतीचे लोक उभे राहतात, तशी मागची चौकडी टीवर क्लब टेकून उभी राहते. त्यांच्याकडे पाहू नये. पाहिल्यास हात करावा, परंतु तो “या, पुढे जा” असा न वाटता “काय, बरं आहे ना?” असा वाटला पाहिजे. पुढे एक अख्खा होल मोकळा पडला असेल तर मागच्यांना वाट द्यावी, असा संकेत आहे. विशेषतः पार-३ वर, सर्वांनी ग्रीनवर पोहोचून बाजूला उभे राहावे आणि मागच्यांना मारू द्यावे. हा संकेत पाळल्यास चौकडीची जागा जाते. ती जागा मागच्यांच्या पुढे आहे, अशी नवखेळाडूची समजूत असते. जाणकार तीच जागा पुढच्यांच्या मागून मोजतात. दोन मापांतला फरक म्हणजेच रिकामा होल.

खेळाच्या वेगावर नजर ठेवणाऱ्या मार्शलची बग्गी येताना दिसल्यास मोठी पावले टाकावीत. ती वळणाआड गेली की पूर्ववत व्हावे. दंडाची भीती बाळगण्याचे कारण नाही. २०१३ च्या मास्टर्स स्पर्धेत चीनच्या ग्वान त्यानलांग या १४ वर्षांच्या मुलाला संथ खेळाबद्दल एका फटक्याचा दंड झाला होता. पण तेथे घड्याळ धरून उभे असलेले पंच होते. शनिवारी सकाळी टेकडीवर ते नसतात.

वैतागून मागच्यांपैकी कोणी आपल्या रोखाने चेंडू मारल्यास तो शिष्टाचाराचा भंग आहेच, धोकादायकही आहे. चेंडू माणसांच्या दिशेने निघताच “फोर!” अशी आरोळी ठोकायची असते. नवखेळाडू स्वतः ही आरोळी चेंडू पडल्यानंतर आणि हळू आवाजात देतो.

७. कार्यपद्धतीला बाधक सवयी

पुढील सवयींपासून सावध राहावे, कारण त्यांपैकी दोन-तीन लागल्या तरी सर्व मेहनत वाया जाते. दुसरा मारत असताना ग्लोव्ह चढवून, अंतर पाहून, क्लब ठरवून ठेवणे. एकच सराव-फटका घेणे. प्रत्येकाचा चेंडू पडेपर्यंत नजरेने धरून एखाद्या झाडाची खूण लक्षात ठेवणे. आपल्या ताकदीचा टी निवडणे. खिशात दुसरा चेंडू ठेवणे. बॅग पुढच्या टीच्या बाजूला लावणे. आकडे पुढच्या टीवर, दुसरा मारत असताना लिहिणे. मागचे थांबलेले दिसताच न मागता वाट देणे.

या सवयी मुळशीत सहज लागू शकतात, हा धोका अधिक गंभीर आहे. भातकापणीला पात धरून बसलेल्या बाया आपला विळा चालवताना शेजारणीच्या पातीवरही नजर ठेवतात. एखादी मागे पडली तर बाजूची तिच्या पातीतले दोन हात कापून देते आणि ओळ सरळ राहते. ज्या खाचरांच्या तालुक्यात कोर्स आहे, तेथला कॅडी ही रीत लहानपणापासून पाहत आलेला असू शकतो. तो “साहेब, तुम्ही मारून घ्या, ते येतात” असे म्हणाला, तर ते ऐकू न आल्यासारखे करावे.

कॅडीचे ऐकणाऱ्या चौकडीची फेरी चार-साडेचार तासांत संपते. स्कोअर तेवढाच राहतो: ११० तर ११०. हाती उरलेल्या दीड-दोन तासांचे काय करावे, हा प्रश्न प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेबाहेरचा आहे.